वहिनींच्या कानातली शिट्टी

वहिनींना बँडमध्ये त्यांच्या धाकट्या दिराने ओढून आणलं होतं, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. दीर ड्रम बडवायचा. गाणारा पोस्टमन वयाने वहिनींपेक्षा मोठा, पण तोही त्यांना वहिनीच म्हणायचा. दिवसभर त्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मशीनवर असत आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, मागच्या खोलीत गिटार ॲम्पला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरला, जोडून बसत. त्यांच्याकडे आवाज खरखरीत करणारं एक जुनं पेडल होतं. यंदा वाढदिवसाला त्यांनी स्वतःच स्वतःला आणखी एक घेतलं, सूर घुमवणारं. पायाने बटण दाबलं की साधा सूरही विहिरीत उतरून वर आल्यासारखा वाटायचा. वहिनी खूश होत्या.

पण थोड्याच दिवसांत त्यांना शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, सुईसारखी, सुरांच्या वर कुठेतरी लटकलेली.

त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा बसड्रायव्हर, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला. त्याने वर्तमानपत्र खाली केलं, मान तिरकी करून ऐकलं आणि काही नाही म्हणाला. मग दिराला विचारलं. तो म्हणाला, ॲम्पची गुंई तर नेहमीचीच, तिचं काय एवढं! पोस्टमनलाही फक्त गुंईच ऐकू आली.

तीन माणसांनी नाही म्हटल्यावर वहिनींना अण्णा आठवले. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. किटलीची शिट्टी झाली म्हणत अण्णा मधेच उठून स्वयंपाकघरात जायचे आणि बंद शेगडीवरची थंडगार किटली उतरवून ठेवायचे. शेवटी शेवटी तर कुणी काहीही बोललं तरी ऐकू न आल्याने नुसते हसून मान डोलवायचे. त्यात वहिनींचा कारखाना हा असा, दिवसभर किंचाळणारा. मशीनने आपले कान खाल्ले, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

घरात त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. गिटार मात्र हळू वाजवायला लागल्या, मग कमी वाजवायला लागल्या. ॲम्प बंद केल्यावरही शिट्टी येते का, हे कान देऊन ऐकत बसायच्या, आणि असं मन लावून ऐकत बसलं की कुणालाही काहीतरी ऐकू येतंच. दिराने तालमीला बोलावलं तर आज पाठ दुखतेय, उद्या पाहुणे आहेत, अशी टोलवाटोलवी सुरू झाली.

शेवटी एक दिवस अर्धी रजा टाकून त्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. प्रत्येक आवाज खरा की आपल्या मनाचा, असं म्हणत म्हणत वहिनींनी बटण दाबलं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचे कान उत्तम आहेत. वरच्या पट्टीतलं तर तुमच्या वयाच्या मानाने फारच चांगलं ऐकू येतंय तुम्हाला."

वहिनींनी दोनदा विचारून खात्री केली. मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून पदराने डोळे पुसले आणि जरा वेळाने एकट्याच हसल्या. घरी जाताना पावलं हलकी पडत होती. कान शाबूत, म्हणजे शिट्टी खरी. आणि खरी असेल तर चोर सापडलाच पाहिजे.

चहाही न घेता त्या मागच्या खोलीत शिरल्या. गिटारचा आवाज पार खाली केला, तरी शिट्टी चालूच. म्हणजे गिटार सुटली. वायर बदलून पाहिली, शिट्टी तशीच. दोन्ही पेडलं काढून गिटार थेट ॲम्पला लावली, तर शिट्टी गायब, नुसती गुंई उरली. जुनं पेडल एकटं जोडलं, शिट्टी नाही. नवीन एकटं जोडलं, तेही साळसूद. दोन्ही एकत्र जोडली आणि शिट्टी हजर.

वहिनी कमरेवर हात ठेवून दोघांकडे बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ॲडॅप्टर एकच होता, त्याच्याच वायरीला फाटा फोडून दोन्ही पेडलांना वीज दिली होती. एका चुलीवर दोन जावा! नव्याची कुरकुर त्या वायरीतून जुन्यात शिरत होती आणि जुनं पेडल तिला मोठी करून सांगत होतं. त्यांनी नव्या पेडलची वायर काढली, त्याच्या पोटात बॅटरी बसवली आणि पुन्हा सगळं सुरू केलं.

शिट्टी नव्हती. एक सूर छेडला, तो घुमत घुमत विरला आणि मागे काही उरलं नाही.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. बॅटरी काढून, वायर लावून शिट्टी दाखवली, मग पुन्हा बॅटरीवर आणून दाखवलं.

"काय फरक पडला?" नवऱ्याने विचारलं. "मला तर दोन्ही सारखंच."

वहिनी ॲम्प बंद करून त्याच्याजवळ येऊन बसल्या. "अहो, शिट्टी खरीच होती. मला येत होती ऐकू. तुम्हाला येत नव्हती."

तो म्हणाला, "हल्ली सगळे पुटपुटतात असं वाटायचं मला. आपली नातसुद्धा. मला वाटलं, कंटाळलीय आजोबांना."

आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेला माणूस तो. वहिनींनी त्याला नात पुटपुटत नाही, चांगली ठणठणीत बोलते, हे सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यात वाईट वाटण्यापेक्षा हायसं वाटणंच जास्त होतं. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. वरच्या पट्टीतलं गेलंय, बाकी ठीक आहे, छोटं यंत्र लावलं की काम भागेल, असं बाईंनी सांगितलं.

तालमीला वहिनी वेळेआधी हजर झाल्या. दिराला त्यांनी सगळी हकिगत ऐकवली आणि वर सांगितलं, "भाऊजी, आता नंबर तुमचा. तुम्हालाही शिट्टी ऐकू आली नव्हती." पोस्टमन गालातल्या गालात हसत होता. त्यालाही जावंच लागणार, हे वहिनींनी लगेच त्याच्या लक्षात आणून दिलं. मग त्यांनी आवाज मोठा केला, नव्या पेडलवर पाय ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मनासारखं वाजवलं.