मावशींची चाल

टायपिंगवाल्या मावशींनी जन्मभर मुलींना वेग शिकवला आणि आमच्या मेथडिस्ट चर्चमधला ऑर्गन मात्र तीस वर्षं मुंगीच्या पावलांनी वाजवला. शेवटी कमिटीने तो पाळकांच्या सुनेकडे सोपवला. मावशी पडलेल्या चेहऱ्याने पहिल्या बाकावर बसल्या.

सुनेने पहिलं गीत झपाट्याने वाजवून संपवलं. मंडळी अजून तिसऱ्याच कडव्यात होती, आणि ऑर्गन थांबला म्हणून कुणी घाई केली नाही.

"मावशी, यांना जरा पळवा ना!" सून कुजबुजली.

"मी काय पळवणार बाई? माझ्याच हाताखाली बिघडलेत ते."

दुसऱ्या गीताआधी सून मुकाट्याने उठली आणि तिने ऑर्गनचं स्टूल मावशींपुढे केलं. मावशींनी रीतसर आढेवेढे घेतले, पण तेवढे मात्र फार भरभर.