दुरून पाहणाऱ्या सिस्टर

कॅमेऱ्याचं बटण दाबताना सिस्टर श्वास रोखून धरत आणि शेजारच्यालाही धरायला लावत. "हलू नको, भाऊ. तू हलला तं जमीन हलते," असं त्या म्हणत. मला ते पटत नसे. एकदा मी फक्त खांदा खाजवला, आणि स्क्रीनवरचा बगळा रेघ होऊन पसरला. त्यानंतर मी त्यांच्याजवळ दगडासारखा बसायला शिकलो. आता त्या नाहीत, तरी गवतात बसलो की माझा श्वास आपोआप अडकतो.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. केनवडच्या बाजारात त्यांच्याबरोबर चाललं की दर दहा पावलांना कोणीतरी "सिस्टर, हा तुमच्या हातचा" म्हणून एखादा मिशा फुटलेला मुलगा पुढे करी. त्या त्याचं तोंड निरखून पाहत आणि विचारत, "याचं वजन वाढलं का मंग?" निवृत्तीनंतर त्या आमच्या वाचनालयात पक्ष्यांचं पुस्तक मागायला आल्या. मी तिथला ग्रंथपाल. आमच्याकडे पक्ष्यांवर एकच पुस्तक होतं, तेही पाठीमागची पानं गेलेलं. त्यांनी ते चार वेळा नेलं. पाचव्या वेळी मलाच म्हणाल्या, "तुमी नुसते वाचून राह्यले. चाला, दाखवते." पहिल्या दिवसापुरता मी 'तुमी' होतो. दुसऱ्या दिवसापासून 'तू' झालो.

तीन पायांच्या स्टँडवर त्यांचा स्कोप असे. एका डोळ्याने पाहायची ती जाडजूड दुर्बीण त्यांनी पुण्याच्या लेकीकडून मागवून घेतली होती. कॅमेरा मात्र खिशात मावणारा, लेकीने फोन आल्यावर टाकून दिलेला. तो स्कोपच्या काचेला नीट टेकावा म्हणून सिस्टरनी औषधाच्या बरणीच्या झाकणाला भोक पाडून, आतून चिकटपट्टीचे थर देऊन एक कडं बनवलं होतं. बोटाच्या दाबाने फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा टायमर लावत. त्या दोन सेकंदांत पक्षी जात असे. त्यांच्याकडे रिकाम्या फांद्यांचे आणि नुसत्या गवताचे शेकडो फोटो होते. सगळे काळ्या गोलात, विहिरीत डोकावल्यासारखे. "हे पाह्य," त्या म्हणत, "इथं आत्ताच खंड्या होता."

वावराच्या कडेला आमचं ते सामान पाहून लोक घाबरत. एकदा एक म्हातारा धावतच आला. "मोजणी हाय काय वो बाई? रोड चालला काय इकडून?" सिस्टरनी त्याला स्कोपमधून त्याच्याच बाभळीवरचा शिक्रा दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "माह्या कोंबड्या यानंच नेल्या."

फोनने फोटो का काढत नाही, असं मी एकदा विचारलं. स्कोपला फोनही लावता येतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "फोनले तोंड हाय. या कॅमेऱ्याले नुसतं पोट हाय." आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कोणाच्या दिवसांची बातमी फोडत नाहीत. सिस्टरनी तो रिवाज तीस वर्षं नोकरी म्हणून पाळला होता. कोणाच्या घरात काय चाललं आहे ते त्यांना सासूच्या आधी कळे आणि सगळ्यांच्या शेवटी त्यांच्या तोंडून निघे. घरट्यांच्या बाबतीतही त्यांचा तोच नियम होता. पिल्लं उडाल्याशिवाय जागा सांगायची नाही आणि जवळ जायचं नाही. "जवळ जाऊन बाळंतिणीचं भलं झालेलं मी तं नाई पाह्यलं," असं त्या म्हणत.

गेल्या पावसाळ्यात, शिरपूरकडे जाणाऱ्या बसमधून उतरून चालत जावं लागतं अशा एका पडीक रानात, त्यांना तणमोर दिसला. काळा-पांढरा नर गवतातून माणूसभर उंच उडी मारतो, क्षणभर वर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसभर त्याचं तेच चालतं. आता फार थोडे उरलेत म्हणतात. आणखी आठ दिवसांनी सिस्टरना मादी दिसली. सोयाबीनच्या कडेला, विरळ गवतात, न हलता बसलेली. त्यांनी स्कोपवरून डोळा बाजूला घेऊन तिथे मला बसवलं आणि कानाशी कुजबुजल्या, "अंड्यावर बसली हाय. वीस-एकवीस दिवस आता तोंडाले कुलूप."

आम्ही एका टेकाडावरून पाहत होतो. टायमर काढून सिस्टर नुसत्या अंदाजाने बटण दाबत आणि गवताचे फोटो जमत जात. तेराव्या दिवशी नर सापडला. हवेत, पाय दुमडलेला, डोक्यावरची पिसं मागे उडालेली. असा फोटो मी पुस्तकातही पाहिला नव्हता. मोठ्या स्क्रीनवर पाहावा म्हणून मी कार्ड वाचनालयात नेलं. सिस्टरनी ते विश्वासाने दिलं.

अकोल्याच्या माझ्या एका जुन्या मित्राला मी तो फोटो पाठवला. एकालाच. जागा सांगितली नाही आणि वर 'कोणाला पाठवू नकोस' असंही लिहिलं. संध्याकाळी तोच फोटो एका गटातून माझ्याकडे परत आला. मला न ओळखणाऱ्या कोणीतरी टाकलेला.

मी धावत सिस्टरकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि एकच शब्द उच्चारला, "टाकी." पक्ष्याच्या मागे पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत गावाचं नाव, पुसट पण वाचता येईल इतकं. मी पिसं पाहत बसलो होतो. "परत नाई ना घेता येत?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी उठून गॅसवर चहा ठेवला आणि त्यात साखर घालायची विसरल्या.

दोन दिवसांनी गाड्या आल्या. आम्ही टेकाडावर पालथे पडून स्कोपमधून पाहत होतो. मोठ्या लेन्स घेतलेली सहा-सात माणसं टाकीखालचं गवत तुडवत फिरत होती. स्कोप दूरचं सगळं जवळ ओढून एकावर एक ठेवतो. फोटोत पक्ष्याला चिकटलेली टाकी खरं तर त्याच्यापासून पाऊण कोस लांब होती. माणसं चुकीच्या रानात शोधत होती. पण मादीच्या दिशेने त्यांनी फक्त सरळ चालत यायचं होतं. प्रसूतीच्या खोलीतून बाहेर निरोप द्यावा तसं सिस्टर सांगत होत्या, "एक खाली बसला... उठला... फोनवर नराचा आवाज वाजवून राह्यले वाटते." मी बोटांनी माती उकरत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण टाकीकडे पाठ करून उभा राहिला आणि हातातला फोटो पाहत नजर सरळ आमच्या टेकाडाकडे आणू लागला. "याले समजलं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्टँड खांद्यावर टाकला. "तू इथंच राह्यजो. उठू नको." मागच्या उताराने उतरून, नाल्याला वळसा घालून त्या पलीकडच्या तुरीच्या वावरात गेल्या आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी, रिकाम्या तुरीकडे तोंड करून स्कोप लावून बसल्या.

माणसं तिकडे वळली. वारा माझ्याकडे होता, म्हणून थोडं ऐकू आलं.

"मावशी, तणमोर हाय काय?"

"बसा गुपचूप. हलाल तं दिसन काय?"

दुपारभर त्यांनी त्या सहा-सात जणांना तिथे बसवून ठेवलं. भुरभुर पाऊस सुरू झाला तरी त्या उठल्या नाहीत. मी टेकाडावर स्कोपशिवाय पडून होतो. साध्या डोळ्यांना नुसतं हिरवं दिसत होतं. मादी बसली आहे की उठली, काहीच कळत नव्हतं. अंधारायच्या आधी गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मादी जागेवर नव्हती. सिस्टरनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नाई हाय." बस्स. पिल्लं निघाली, की अंडी टाकून ती पळाली, की कोल्ह्याने नेली? मी विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगता येते?" पुढे हिवाळ्यात त्या मला तलावांवर बदकं दाखवायला नेत राहिल्या, तशाच प्रेमाने, डब्यातली अर्धी भाकर देत. पण त्या विषयावर गप्प. मी रात्री उठून बसे. दिवस मोजे. अठरावा दिवस होता की एकोणिसावा, हे डायरीत पुनःपुन्हा पाही.

माघात त्यांचा दम वाढला. वाशीमच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा लेक उशाशी होती. सिस्टरनी तिला खुणेने पिशवीतून कॅमेरा काढायला लावला आणि माझ्याकडे दिला. "मागं मागं जाय," त्या म्हणाल्या. बदकं गेली, बगळे गेले, बरंच रिकामं गवत गेलं. मग सोयाबीनच्या बांधावर चालणारी मादी दिसली. तिच्यामागे दोन पिल्लं स्पष्ट, आणि चौकटीच्या कडेला तिसऱ्याचा एक पाय. खाली तारीख होती, मादी नाहीशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. शेवटी मी म्हणालो, "सिस्टर, पाच महिने... तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तू दुःखात होता, थ्यानं गप्प होता," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "खुश झाला असता तं बोलला असता. खुशीत माणूस थांबत नाई, भाऊ." मग दम घेऊन म्हणाल्या, "मलेबी झोप नाई आली. तुह्या तोंडाकडे पाहून वाटे, सांगून टाकाव. आता उडाले थे. आता सांग कोणालेबी."

सहा दिवसांनी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर लेकीने स्कोप आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "आईनंच सांगून ठेवलं होतं."

आता पुन्हा पावसाळा आहे. मी एकटा त्या टेकाडावर जातो. माझे हात सिस्टरच्या हातांसारखे स्थिर नाहीत, म्हणून फोटो फारसे जमत नाहीत. वाचनालयात लोक पुस्तक बदलता बदलता विचारतात, "सर, यंदा तणमोर आला काय?" मी त्यांचं कार्ड शोधत राहतो. काही दिसलं असेल, नसेल. ते इथेही लिहीत नाही.