चादरीपलीकडचा नवरदेव

नॉर्थ यॉर्कला आमच्या शेजारी एक इटालियन जोडपं राहायचं. मी त्यांना सरळ काका-काकू म्हणायचे, कारण उठता बसता ‘मिसेस अमुकतमुक’ कोण म्हणत बसणार. दोघं मूळ नेपल्सची. महायुद्ध संपलं तेव्हा काकू पंधरा वर्षांच्या होत्या, आणि त्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. दारातला बर्फ शोव्हल करायला म्हणून बाहेर पडलेली मी, ड्राइव्हवे अर्धा टाकून त्यांच्या किचनमध्ये कॉफी पीत बसलेली सापडायचे. आमच्या खिडकीतून नवरा हातवारे करायचा. करू दे म्हटलं.

युद्धानंतरचं शहर म्हणजे उपासमार आणि पडकी घरं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते होतंच. पण काकूंच्या तोंडून ऐकताना हसून पोट दुखायचं. अमेरिकन सैनिकांचा पांढराशुभ्र ब्रेड पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळ्यांना तो केकच वाटला, आणि आजोबांनी तो लग्नातल्यासारखा कापून एकेकाला भरवला. सैन्याच्या ब्लँकेटचा आईने कोट शिवून दिला, वर निळा रंगवला. पहिल्याच पावसात रंग सुटला आणि काकू मानेपासून पोटऱ्यांपर्यंत निळ्या होऊन चर्चमध्ये उभ्या. “देवाला सोडून सगळे माझ्याकडेच बघत होते,” असं म्हणत त्या टेबलावर थाप मारायच्या आणि आमची कॉफी सांडायची.

काका मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प असायचे. दोनेक वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं, आणि त्या वर्षी थंडी पडेपर्यंत ते काकूंनाच ओळखेनासे झाले. चिडचिड नाही, त्रास नाही, उलट फारच अदबीने वागायचे. कप पुढे केला की ‘थँक यू, सिन्योरा’ म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. “सगळा जन्म माझ्याशी भांडला हा माणूस,” काकू मला म्हणाल्या, “आणि आता बाईसाहेब म्हणतो. एकदा, फक्त एकदा त्याने मला ‘ही आपलीच’ म्हणून ओळखावं. मग भांडला तरी चालेल.” हे सांगतानाही त्या हसल्या. मला काही हसता आलं नाही.

जानेवारीत बाबांना घराच्या राखणीला ठेवून आई नागपूरहून आलेली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या बेसमेंटमध्ये ठरलं. आईने पहिला प्रश्न विचारला, “शेजारच्या काकूले काहून नाही बोलावलं?”

“अगं, त्यांना काय समजणार त्यातलं?”

“हळदीकुंकवात समजाचं काय असते वो?”

काकूंना बोलावलं. काकांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तेही आले. बर्फात गाडी हाकत मिल्टनहून आलेल्या माझ्या मैत्रिणी, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि या सगळ्यात कोट-टाय घातलेला एकटा पुरुष. काका भलतेच खुश झाले. प्रत्येकीला कमरेत वाकून नमस्कार करत सुटले. आईने तिळगूळ दिला तर त्यांनी तिचा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला. आई इतकी लाजली की पुढे पंधरा मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही, आणि आम्ही पोटं धरून बसलो.

मग उखाणे सुरू झाले. काकूंचा नंबर आला. नवऱ्याचं नाव यमकात घ्यायचं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. “यमक मला जमत नाही,” त्या म्हणाल्या, “त्याऐवजी तो मला कसा मिळाला ते सांगते.”

बॉम्बमध्ये काकांचं घर पडलं होतं. त्यांच्या कुटुंबाला काकूंच्याच खोलीत आणून घातलं. खोली एक, कुटुंबं दोन, आणि मध्ये दोरीवर टाकलेली चादर. पलीकडे बघायचं नाही अशी काकूंच्या वडिलांची ताकीद होती. म्हणून ती दोघं दुपारी, मोठी माणसं झोपली की, चादरीतून कुजबुजायची. काका चादरीखालून अर्धं च्युइंगगम सरकवायचे. काकूंना त्यांचा आवाज आधी माहीत झाला, तोंड पुष्कळ नंतर. शेवटी काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं. ते मी इथे घेत नाही, तो मान त्यांचा.

“अगं बाई, हा तर अंतरपाट,” कोणीतरी म्हणालं, आणि आमच्या अंगात आलं. एकीने वर धाव घेतली आणि माझ्या कपाटातून नेमकी कडेला इलास्टिक असलेली चादर आणली. ती सारखी गोळा व्हायची. दोघींनी ती कशीबशी ताणून धरली. एका बाजूला खुर्चीवर काका, दुसऱ्या बाजूला काकू. बासमतीला कुंकू लावून अक्षता झाल्या. आईने ठेवणीतला आवाज काढून मंगलाष्टक म्हणायला घेतलं.

पहिलं कडवं संपलं तेव्हा काकू गमतीने चादरीकडे तोंड करून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. आणि पलीकडून उत्तर आलं. हळू, घाईघाईचं, चोरटं. काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. “तो विचारतोय, तुझे बाबा झोपले का?”

काकूंनी सांगितलं असावं की झोपले. मग दोघं बोलतच राहिली. आईला यातलं काही कळत नव्हतं, ती रंगात आली होती. तिने शेवटचं ‘सावधान’ म्हटलं, आम्ही सगळ्यांनी अक्षता उधळल्या, टाळ्या वाजवल्या, आणि चादर धरलेल्या दोघींनी सवयीने ती झर्रकन बाजूला ओढली.

काका उठून उभे राहिले. केसांत तांदूळ, कपाळावर कुंकू अशा काकूंकडे बघून त्यांनी अदबीने मान झुकवली. मग त्यांच्या मागे डोकावून बघितलं आणि काहीतरी विचारलं.

“ती मुलगी कुठं गेली, विचारतोय,” काकू म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, कोणाचा ते माहीत नाही. जन्मभर आम्ही अंतरपाट दूर होतानाच पाहिलेला. काकूच आधी सावरल्या. हात वर करकरून त्यांनी आम्हाला खूण केली: वर, वर धरा. आम्ही चादर पुन्हा धरली. हात भरून आले की दुसऱ्या दोघी पुढे व्हायच्या. आईसुद्धा आपल्या पाळीला उभी राहिली. चहा उतू गेल्याचा वास आला, पण जागेवरून कोणी हललं नाही.

काका परत बसले आणि चादरीला तोंड लावून बराच वेळ कुजबुजत राहिले. ऐकता ऐकता काकू हसायला लागल्या. खांदे गदगदा हलेपर्यंत हसल्या, आईच्या पदराला डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. मला राहवेना. “काय म्हणतायत ते?”

“म्हणतो, इथे बाहेर एक म्हातारी असते. फार बडबड करते. पण जेवायला चांगलं घालते, आणि तिला कोणी नाही बहुतेक. आपलं लग्न झालं की तिला आपल्याकडेच ठेवू या का?”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, ठेवू या,” काकू म्हणाल्या. “बिचारी कुठं जाईल एकटी.”