डाव्या बाजूचा वूफर

देवराव काकांनी डाव्या स्पीकरच्या डब्यावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "शेठ, हा मेला हाय."

रेकॉर्ड चालू होती. दोन्ही डब्यांतून आवाज येत होता. शेठ हसले. "काका, तुमचा डावा कान गेला नं? म्हणून तसं वाटते."

"कान गेला. हात नाही गेला."

काका मारेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं फिटर होते. डावा कान तिथंच गेला. कापसाच्या वाईट वर्षांत जिनिंग बंद पडली. तीस वर्षं मशीनचा आवाज ऐकलेल्या माणसाला घरातली शांतता खायला उठली. ट्रंकेत जुन्या रेकॉर्डी होत्या, वाजवायला काही नव्हतं. नवीन सेट झेपणार नव्हता. म्हणून ते यवतमाळला आमच्या जुन्या रेडिओ-स्पीकरच्या दुकानात आले. शेठ मालक, मी मेकॅनिक.

जुन्या सामानातून सेट जमवायला मला पाच आठवडे लागले. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी तबकडी, राजूरहून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून मिळाली. अँप्लिफायर नागपूरच्या जुन्या बाजारातला. सुईकडून येणारा बारीक सिग्नल तो मोठा करतो. त्याचे फुगलेले कंडेन्सर मी बदलले. डबे सुताराकडून करून घेतले. दोन्ही वूफर, म्हणजे जाड आवाजाचे मोठे स्पीकर, मी स्वतः तपासून बसवले होते. आदल्या दिवशी दोन्ही उत्तम वाजत होते.

मी बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. आता फक्त डावा डबा वाजायला हवा होता. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, किणकिणला. तबल्याचा डग्गा गायब.

"लूज कनेक्शन असन," शेठ म्हणाले.

मी डब्याची मागची फळी उघडली. माझ्या वूफरच्या चुंबकावर मी खडूनं खूण केली होती. या चुंबकावर खूण नव्हती. कागदी कोन दाबला तर आत खरखर. कॉइल जळालेली.

"शेठ, मी बसवलेला वूफर कुठं आहे?"

"आत चाल. बोलू."

"इथंच बोला."

"ऑर्केस्ट्रावाल्याले अर्जंट पाहिजे होता. देल्ला. याले एका कानानं काय फरक पडते? स्टिरिओ पाहिजे कायले याले?"

काका समोर उभे होते. ते शब्द त्यांच्या चांगल्या कानावर पडले. त्यांनी डब्यावरचा हात काढून घेतला. एकच कान असला म्हणून डाव्या डब्यातलं वाद्य ऐकू येत नाही, असं थोडंच आहे? ते खोलीत येतं आणि चांगला कान ते टिपतो. शेठला हे माहीत होतं. माणूस गरीब, बहिरा, परत येऊन भांडणार नाही, हेही माहीत होतं.

शोकेसमध्ये शेठचा स्वतःचा डेमोचा सेट होता. वूफर त्याच मापाचे. मी त्यातला एक खोलायला घेतला.

"रफिक, तो काढला तर उद्यापासून येऊ नको."

मी चारही स्क्रू काढले.

"रफिकभाई, राहू द्या," काका म्हणाले. "माह्यापायी तुमची नोकरी काहून घालवून राह्यले?"

"तुमच्यापायी नाही काका. पाच आठवडे मी झक मारली काय?"

वूफर काकांच्या डब्यात बसवला. डग्गा वाजला. काकांनी पुन्हा हात लावून पाहिला आणि मान हलवली. मग सामान एसटीच्या टपावर बांधून मी त्यांच्यासोबत मारेगावला गेलो आणि त्यांच्या बैठकीत सेट लावून दिला. रेकॉर्डची दुसरी बाजू संपेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

शेठनं बाजारात सांगितलं, रफिक चोर आहे. वर्षभर मला कुणी कामावर घेतलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं वाटतही नाही.

आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. सेट देताना मी बॅलन्स फिरवून एकेक डबा वेगळा वाजवतो आणि गिऱ्हाइकाला कोनवर बोट ठेवायला लावतो. दोन मिनिटं लागतात.