सैल बांगड्या

बहात्तरच्या दुष्काळानंतरची चार-पाच वर्षं मी सांगलीच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या तालुक्यात सरकारी डॉक्टर होते. शवविच्छेदनाची खोली दवाखान्यामागे, पत्र्याची. पुरुष यायचे फास घेतलेले नाहीतर एंड्रिन, म्हणजे पिकावर फवारायचं विष, प्यालेले. सुना यायच्या विहिरीतून. विहिरी वेगळ्या, गावं वेगळी, पंचनाम्यात वाक्य मात्र एकच: पाणी शेंदताना पाय घसरून. इतके पाय कसे घसरतात हो, असं मी फौजदाराला एकदा खवळून विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही फुप्फुसं बघा, पायांचं आम्ही बघतो."

एका सकाळी बैलगाडीतून अशीच एक आली. विशी नुकती ओलांडलेली, घरी सात-आठ महिन्यांचं मूल. अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. प्रेत सापडलं तसंच आणा, म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे. पण सवाष्ण गेली की बायका तिला न्हाऊ घालून नटवणारच. कोण ऐकतंय माझं.

तिचा बाप साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. लिंबाखाली ताठ बसून होता. मला म्हणाला, "बाई, पोरीला मी कृष्णेत पवायला शिकवलंया. ती बुडंल कशी? जे दिसंल ते लिवा."

फुप्फुसांत पाणी होतं. डोक्याला मागे मार होता. मनगटांवर बारीक चिरा होत्या, त्या विहिरीच्या दगडांच्या असं मी धरून चालले. झटापट झाली असती तर काचेच्या बांगड्या आधी फुटल्या असत्या, आणि हिची एकही फुटली नव्हती. "बांगड्या शाबूत, झटापटीच्या खुणा नाहीत," असं मी माझ्या हाताने लिहिलं. डोक्याला दगड लागला की पोहणाराही बुडतो, हे बापाला नीट समजावून सांगितलं. त्याने मला हात जोडले आणि गेला.

पुढच्या वर्षी दुसरी एक आली. तिच्याही बांगड्या शाबूत, असं मी बोलले तर प्रेतं धुणारी आमची म्हातारी आया माझ्याकडे बघतच राहिली. "आवं बाई, ह्या तिच्या न्हाईत. फुटक्या बांगड्यांनी सवाष्ण कशी धाडायची? गेल्यावर नव्या भरत्यात. हात ताठरल्याला असतोय, म्हणून मोठ्या मापाच्या. किती सैल हायत्या बगा की. राबणारी बाई असल्या घालंल व्हय?"

शेतात राबणाऱ्या बाईची बांगडी मनगटाला घट्ट बसलेली असते, हे लहानपणापासून बघितलेलं. मिरजेला शिकायला गेले तेव्हा हातमोजे फाटतात म्हणून मी माझ्या काढून ठेवल्या, आणि बाई असून बाईचा हात बघायला विसरले. शिकले कसली, माती खाल्ली. त्या पहिल्या मुलीचा हात मी उचलला तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. ते डोळ्यांसमोरून हलेना.

प्रेत जळून वर्ष झालं होतं. पुन्हा चौकशी करा, असा माझा अर्ज फौजदाराने वाचला, घडी घालून परत दिला. मग मी एसटीने बापाच्या गावी गेले. त्याने घोंगडं अंथरलं, चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुमी लिवलं म्हणून मनातली अढी गेली बगा. लेकराचं हाल नगंत, म्हणून धाकटीला त्याच घरात दिली."

मी सगळं सांगितलं. चहा तसाच राहिला. तो उठला, टोपी घातली आणि धाकटीला आणायला थेट स्टँडवर गेला.

ती आली नाही. मूल सासरचे देईनात, आणि त्याला टाकून यायला ती तयार नव्हती. बापाने पत्राने कळवलं. माझ्यावर रागाचा एक शब्द नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्याच तालुक्यात होते. त्या गावाकडून गाडी आली की मी आधी तोंडावरचं कापड उचलायचे. उचलण्याआधी देवाकडे एकच मागायचे, दुसरी कुणीतरी असू दे. प्रत्येक वेळी दुसरीच असायची, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं.