अष्टेकर सरांचं समूहगान

अष्टेकर सर आमचं समूहगान बसवायचे ते आमच्याकडे पाठ करून. तोंड रिकाम्या बाकांकडे, कारण उद्या श्रोते तिथेच बसणार. आम्ही मुलींनी मागे उभं राहून त्यांच्या आवाजाखाली गायचं. कुणी जरा मोकळा गळा लावला की त्यांचा हात मागे येऊन दटावायचा. “मी कापड, तुम्ही अस्तर. अस्तर बाहेर दिसलं की शिंप्याची अब्रू जाते!” चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरात त्यांना मोठा मान होता. मला मात्र आठवीतच कळलं, की या माणसाला गाणं आवडत नाही, स्वतःचा आवाज आवडतो.

आमच्यात पद्मा होती. वडील मागावर कापड विणायचे, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. तिचा आवाज जाड, खालून येणारा. तो आला की आमचे पातळ आवाज त्यावर निवांत टेकायचे. पण ती ‘भारत’ला ‘बारत’ म्हणायची.

“जीभ मागावर ठेवून आलीस का गं?” सर सगळ्यांसमोर म्हणाले. “सूर रक्तात असावा लागतो. जा, विड्या वळ.”

पद्मा खाली मान घालून गेली. सर पुन्हा बाकांकडे वळून गाऊ लागले.

शाळांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांना कुर्डुवाडीला गाण्याचं बोलावणं आलं. ‘सकाळच्या गाडीनं येतो’ म्हणून ते पेटीसकट गेले आणि सकाळी आले नाहीत. मोठ्या बाई रडकुंडीला आल्या. वळसंगची शकू म्हणाली, “पद्मीला आणू की. सूर तीच देईल.”

आम्ही पळत तिच्या घरी गेलो. पद्मा यायला तयार होईना. तिच्या आईनंच तिच्या मांडीवरचं विड्यांचं सूप काढून घेतलं. “जा की. विड्या काय पळून जातेत?”

पेटी नव्हती. पद्मानं सूर दिला. समोर कुणाची पाठ नव्हती, म्हणून आम्ही पहिल्यांदाच एकमेकींकडे बघत गायलो. मध्येच मला माझा आवाज वेगळा ऐकू येईना. घाबरायला हवं होतं. उलट मी गळा आणखी मोकळा सोडला. वाटलं, हे एवढं मोठं आपण गातोय? भरात आम्ही सगळ्याच ‘बारत’ म्हणालो. परीक्षकांच्या ध्यानातही आलं नाही.

पहिला नंबर आमचा. ढाल घ्यायला बाई उठणार, तोच दारातून प्रवासानं चुरगळलेली शेरवानी आत आली, थेट मंचावर चढली आणि ढाल छातीशी धरून उभी राहिली. “माझी शिस्त फळली!” सर म्हणाले. आम्ही काय गायलो, हे त्यांनी ऐकलंही नव्हतं.

फोटोसाठी आम्ही त्यांच्याभोवती उभ्या राहिलो. त्यांना पद्मा दिसली.

“ही आपल्या संघात नाही. बाजूला हो गं.”

पद्मा मंचावरून उतरली.

“मग मी बी न्हाय,” शकू म्हणाली आणि तिच्यामागं गेली. मग मी. मग एकेक करत सगळ्याच.

नवी पेठेतला फोटोवाला गोंधळला. “सर, पोरी गेल्या की. थांबू का?”

“कशाला?” सर टोपी सारखी करत म्हणाले. “काढा.”

सर निवृत्त होईपर्यंत तो फोटो संगीताच्या वर्गात टांगलेला होता. ढाल घेतलेले एकटे अष्टेकर सर आणि खाली त्यांच्याच सुवाच्य अक्षरात: ‘समूहगान, प्रथम क्रमांक’. त्यात काही कमी आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही.