उतरल्याची साक्ष

वालूरच्या माणिकरावांची सही म्हणजे उंबराचं फूल, असं गावात म्हणत. सही येत नव्हती अशातला भाग नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वळणदार. पण त्यांच्या बापाला भाऊबंदांनी गोड बोलून कोऱ्या कागदावर अंगठा करायला लावला आणि विहिरीकडचं रान लाटलं. तेव्हापासून माणिकरावांनी नेम धरला. अंगठा मरेपर्यंत नाही, आणि सही परक्याच्या कागदावर नाही. लेकीच्या, राजेश्रीच्या, प्रगतिपुस्तकावरसुद्धा मोडक्यातोडक्या अक्षरांत सही करायची ती त्यांची बायको, कमलबाई. एरवी माणूस लोण्यासारखा मऊ. कागद दिसला की मात्र दगड.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांच्या रानात विमान उतरलं. पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालेलं, आणि त्यात हे पांढरं, लांब पंखांचं, इंजिन नसलेलं विमान, आवाज न करता. आतून पंचविशीचा एक पोरगा निघाला. श्रीराम त्याचं नाव. पुण्याकडच्या क्लबातून निघून, तापलेल्या हवेवर घारीसारखा तरंगत, तो तीनशेच्या वर किलोमीटर आला होता. सगळं वालूर लोटलं. कुणी नारळ फोडला, कुणी हळदकुंकू वाहिलं. माणिकरावांनी पोराला घरी नेऊन भाकरी-पिठलं वाढलं.

जेवण झाल्यावर पोरानं खिशातून एक कागद काढला. अमक्या ठिकाणी उतरलो, याला तिथल्या दोन माणसांची सही लागते, नाहीतर उड्डाण धरत नाहीत, असं तो म्हणाला. शेजारच्या सितारामनं लगेच सही ठोकली. माणिकरावांनी हात पाठीमागे घेतले.

"धा दिस ऱ्हावा, जेवा, घर तुमचंच हाय. सही मातर न्हाई."

सितारामनं समजावलं, कमलबाईंनी डोळे वटारले, पण माणिकराव ढिम्म. गर्दीतल्या दुसऱ्या कुणाची सही घ्यावी, तर पोरगा म्हणाला, "रान तुमचं, काका. तुमचीच हवी. असू द्या, पुढच्या वेळी कराल." आणि हसला. गाडी येऊन विमान नेईपर्यंत दोन दिवस माणिकरावांनी पंखाशेजारी बाज टाकून राखण केली. गुरांना फिरकू दिलं नाही. आपण पाहुण्याचं सगळं केलं, याच समाधानात ते पुढची अठ्ठावीस वर्षं राहिले.

यंदा जानेवारीत पुण्याहून एक पन्नाशीची बाई घर विचारत आली. श्रीरामची बहीण, उत्तरा. सिताराम जाऊन बारा वर्षं झालेली. माणिकरावांनाही वर्षापूर्वी लकव्याचा झटका येऊन गेला होता. ते ओसरीवर बसलेले होते.

"श्रीराम कसा हाय?" त्यांनी आधी हेच विचारलं.

उत्तरानं क्षणभर कमलबाईंकडे पाहिलं. "त्याच वर्षी गेला, काका. सप्टेंबरात. कावीळ झाली होती."

मग तिनं हळूहळू सांगितलं. क्लब आता श्रीरामच्या नावानं स्मृतिचषक ठेवतोय, वर्षातल्या सगळ्यांत लांबच्या उड्डाणासाठी. भिंतीवर मानकऱ्यांचा फलक लागेल. पहिली ओळ त्याच्याच उड्डाणाची असावी, असं आईला वाटतं. आई नव्वदीची आहे. पण तो दाखला तेव्हा अपुरा म्हणून बाद झाला होता. दुसरा साक्षीदार हयात असेल आणि आजच्या तारखेनं लिहून देईल, तर धरू, असं क्लबवाले म्हणतात.

तिनं जुना कागद पुढे ठेवला. सितारामची सही, आणि खाली मोकळी रेघ.

"म्हंजी ते पोरगं इतकं आलं, आन् माझ्यापायी आलंच न्हाई असं झालं," माणिकराव म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी दोष द्यायला नाही आले, काका."

"तुमी कशाला द्यान. म्या देतो की."

उत्तरानं नव्या कागदावर मजकूर लिहिला. माणिकरावांनी तो दोनदा वाचून घेतला. सहीपुरती जागा सोडून खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायला लावली. एवढं होऊनही खोड काही जात नव्हती. मग म्हणाले, "आणीक एक लिव्हा. आमच्या घरी जेवला. उपाशी न्हाई गेला."

"क्लबला ते लागत नाही, काका," असं म्हणता म्हणता तिनं ते कडेच्या समासात लिहिलं.

पेन उजव्या हातात दिलं. बोटं मिटेनात. कमलबाईंनी मिटवून धरली, तर पेन घरंगळलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. आयुष्यभर जपून ठेवलेली सही आता द्यायची तर हातात उरली नव्हती. उत्तरानं मान खाली घातली. कमलबाई धसकल्या; आता काय उरलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते नवऱ्याला सांगायची त्यांची छाती नव्हती.

माणिकरावांनी स्वतःच सांगितलं. "रेशन दुकानातनं शाईचं पॅड आन."

पॅड आलं. बापाच्या अंगठ्यानं रान गेलं होतं. माणिकरावांनी डावा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"उतरलं होतं बाई पोरगं," ते म्हणाले. "माझ्याच रानात उतरलं होतं."